कांबळडोहाचा गाळ आणि तुकाबाईचा एडका

तुकाबाईची हाक एकदा सुटली की नदीपल्याडची कुत्रीसुद्धा उठून उभी राहतात. अंगानं काटकुळी, उंची बेताची, पण आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई पहिलवानाच्या घरची असणार. "हुर्रर्र... याऽ गं बायांनोऽ!" असं तिनं म्हणायचा अवकाश, बांधाबांधाला पांगलेली मेंढरं माना वर करतात आणि ओळीनं तिच्याकडं निघतात.

"तुकाबाई, जरा दमानं," पलीकडच्या वावरातून हौशीराम ओरडतो. "तुमी हाक मारली की आमची मंडळी बी खुरपं टाकून उभी ऱ्हात्यात."

"मग येऊ द्या की त्यांना बी. वाघरीत जागा हाय!"

निरगुडसरच्या अलीकडं, मीना नदीच्या काठाला एक वाडी आहे. हौशीराम तिथला जुना बागाईतदार. कांदा, ऊस आणि वरच्या अंगाला द्राक्षबाग. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की तुकाबाईची मेंढरं त्याच्या वावरात बसतात. सुताच्या जाळीची वाघर लावायची, रात्रभर मेंढरं आत कोंडायची, सकाळी लेंड्यांचं खत वावराला. मग वाघर उचलून पुढच्या तुकड्यात. त्या बदल्यात हौशीराम घरचं धान्य देतो. त्याच्या वडलांनी तुकाबाईच्या सासऱ्याशी लावलेली ही रीत. कुणी कधी मोडली नाही.

तुकाबाई या घरात सून म्हणून आली तेव्हा घर असं नव्हतंच. होता तो चालता वाडा. पावसाळा सरला की घोड्यावर बिऱ्हाड टाकायचं, माळशेज उतरून कोकणात जायचं. घाट उतरायच्या आदल्या दिवशी मढला मुक्काम. नव्या नवरीच्या अंगावरचं हळदीचं लुगडं धड सुकलं नव्हतं, तेव्हा मढच्या माळावर एक मेंढी अडली. सासू म्हणाली, "हात बारीक हाय तिचा, तिला घालू द्या." तुकाबाईनं कोकरू सोडवलं. त्या दिवसापासून कळपात तिचं नाव झालं. आता घाटाची वाट गाड्यांनी भरली. नवरा जानकू, त्याचे गुडघे गेले. मुलगा जालिंदरनं काठी घेतलीच नाही, ट्रॅक्टरचं स्टेअरिंग धरलं. शेकड्यांतला कळप विसांवर आला. तरी एकेका मेंढीला तुकाबाई तोंडावरून ओळखते. कुणी नवल केलं तर म्हणते, "तुमी माणसं वळखता न्हवं? मंग?"

या सगळ्यांत तिचा जीव कुणावर असेल तर भंडाऱ्यावर. भंडाऱ्या म्हणजे बिरोबाच्या नावानं सोडलेला एडका. आई बाळंतपणात गेली, शेळीच्या दुधावर तुकाबाईनं वाढवला. शिंगं अशी वळलेली की पाटलानं फेटा बांधावा. देवाचा म्हणून त्याला विकायचा नाही, कापायचा नाही. दर रविवारी जानकू त्याच्या कपाळाला मूठभर भंडारा फासायचा. हळद डोळ्यांच्या कडांत, नाकपुड्यांत, तोंडावर पसरायची. एडका कायम पिवळा. पोरं लांबूनच ओळखायची: "पिवळ्या तोंडाचा आला रं!"

आणि त्याचा लाडही तसाच. उन्हाळ्यात सगळीकडं रानं करपली तरी नदीच्या एका जागी हिरवं असायचं. नदी तिथं वळण घेते, पाणी संथ होतं, खोल डोह झालाय. पिढ्यान्‌पिढ्या धनगर तिथं मेंढरं धुतात, लोकरीचा मळ तिथं सुटतो, म्हणून त्याला म्हणायचं कांबळडोह. हे नाव कुठल्या कागदावर नाही. उन्हाळ्यात डोह आटायला लागला की काठाला काळा, लोण्यासारखा गाळ उघडा पडतो आणि त्यावर हरळी अशी दाट येते की पाय रुततो.

तुकाबाईचा नियम होता. ती हिरवळ सगळ्या कळपाला नाही. गाभण्या मेंढ्या आणि भंडाऱ्या, एवढ्यांनाच. बाकीच्यांना काठीनं वळवून ती वाळक्या पाचटाकडं न्यायची.

"दुजाभाव करतीस गं," जानकू चिडवायचा.

"करती. ज्याचं काम जड, त्याचं ताट मोठं."

तर ही गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली.

वैशाखात एक गाभण मेंढी सकाळी उठलीच नाही. आठवड्यानं दुसरी. दोन्ही अंगानं भरलेल्या, दोन्ही तुकाबाईच्या हातच्या लाडक्या. जानकू म्हणाला, दृष्ट लागली. तुकाबाईलाही तेच वाटलं. मीठ-मिरच्या उतरवल्या, वाघरीच्या चारी कोपऱ्यांना लिंबं बांधली. मेल्या मेंढ्या रीतीप्रमाणं पुरल्या. आजारानं गेलेलं जनावर त्यांच्यात चिरून उघडत नाहीत. आहे तसं मातीला द्यायचं.

मग कातरणीचा दिवस आला. कातरायच्या आधी मेंढरं धुवायची. हा दिवस म्हणजे घरचा सणच. जानकू काठावर बसून शिव्या घालणार, जालिंदर आणि भावकीतले दोघे-तिघे छातीभर पाण्यात उभे राहणार, तुकाबाई एकेक मेंढी पाण्यात ढकलणार. मेंढी या हातातून त्या हातात, चोळत चोळत पलीकडं. डोहाचं पाणी ढवळून काळं होतं.

"आरं हळू! तुझी बायको हाय व्हय ती, कान धरतोस?" जानकू.

"बायकोचा कान धरायची हिंमत तुमच्या घरात कुणाला हाय आबा?" जालिंदर पाण्यातून म्हणाला आणि सगळे हसले.

हौशीरामही मोटारसायकल लावून काठावर आला होता. गाळाकडं बघून त्याचे डोळे चमकले. "बघा राव, काय माल हाय! पाऊस यायच्या आत मशीन लावून सगळा उचलतो. वाडीतल्या समद्यांच्या रानात टाकू. पुढच्या साली तुमची मेंढरं असल्या रानात बसत्याल तुकाबाई, की उठायचं नाव न्हाई घ्यायची."

"तुमच्या तोंडात साखर," तुकाबाई म्हणाली आणि भंडाऱ्याला पाण्यात घातलं.

भंडाऱ्या एरवी पाण्याला बुजायचा, शिंगं उगारायचा. त्या दिवशी तो मुकाट गेला. जालिंदरनं त्याचं तोंड धुतलं. हळदीचा पिवळा ओघळ पाण्यावर तरंगत लांब गेला. एडका काठाला आला, थरथरत उभा राहिला. तुकाबाईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि तिचा हात थांबला.

भंडारा धुऊन गेला होता. पिवळं गेलं नव्हतं.

डोळ्यांचं पांढरं पिवळं. तिनं ओठ वर केला, हिरड्या पिवळ्या. कानाची आतली कातडी पिवळी. आणि तेवढ्यात भंडाऱ्यानं मूत्र केलं, ते काळ्या चहासारखं.

"अवो," ती जानकूला म्हणाली. तिचा आवाज एवढा बारीक झालेला कुणी ऐकला नव्हता. "ह्यो किती दिसांपासून पिवळा हाय?"

जानकूनं आपल्या पिवळ्या बोटांकडं बघितलं. दर रविवारी त्यानंच तर ते पिवळं तोंड रंगवलं होतं.

मंचरकडून जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर आली. साधना तिचं नाव. वयानं तुकाबाईच्या नातीएवढी, पायात गमबूट, बोलणं मोजकं. तिनं सगळी मेंढरं तपासली. भंडाऱ्यापाशी मात्र बराच वेळ बसली.

"मावशी, आधी गेल्या त्या दोन कशा होत्या? अशक्त?"

"अशक्त? बाई, माझ्या कळपातल्या राण्या व्हत्या त्या."

"आणि बारक्या, रोडावलेल्या?"

"त्यांना काय धाड भरलीया? उड्या मारत्यात."

डॉक्टरनं भंडाऱ्याची खालची पापणी पुन्हा ओढून बघितली. "साथ असती तर आधी अशक्त गेले असते. इथं उलटं दिसतंय. मला शंका आहे की यांच्या पोटात तांबं गेलंय. मेंढीला तांबं सोसत नाही. गाईला, माणसाला जेवढं चालतं तेवढ्यात मेंढी मरते. ते काळजात, म्हणजे यकृतात, साठत राहतं, महिनोन्‌महिने, वरून काही दिसत नाही. मग एक दिवस जनावर दमलं, घाबरलं, धुतलं, कातरलं, की सगळं एकदम रक्तात उतरतं."

"मंग औषिद द्या."

"देते. पण याला उशीर झालाय. आणि बाकीच्यांना द्यायच्या आधी मला खात्री पाहिजे. खात्री काळीज तपासूनच होते." ती पुढचं सावकाश बोलली. "हा गेला, तर लगेच मला उघडू द्याल का? उन्हाळा आहे. थांबून चालणार नाही."

ती रात्र तुकाबाईनं भंडाऱ्यापाशी बसून काढली आणि सकाळी उजाडता उजाडता त्याचं डोकं तिच्या मांडीवर जड झालं.

जानकूनं हळदीची पिशवी आणली, नवं कापड आणलं. देवाचा एडका देवासारखाच मातीला द्यायचा होता. तुकाबाईनं जालिंदरला हाक मारली. "डॉक्टरीणबाईला फोन लाव. म्हणावं, या."

जानकूच्या हातातलं कापड तसंच राहिलं. "देवाच्या एडक्याला सुरी लावायची? तुझं डोस्कं ठिकाणावर हाय का?"

"खायाला न्हाई लावायची. बघायला लावायची."

"बघून ह्यो जित्ता व्हनार हाय का?"

"ह्यो न्हाई व्हनार. पन ती मागं उभी हायत, त्यांच्याकडं बघा की. आज त्यांच्यातली कोन आतनं पिवळी झालीया, तुमी सांगता? मी सांगती? दोघांचं डोळं गेलं व्हतं का, जवा ह्यो मरत व्हता?"

"बिरोबा काय म्हणंल?"

"देवाचा हाय ना? मंग देवाचं काम करू द्या की त्याला. जाता जाता बाकीच्यांना वाचवू द्या. आन् बिरोबाला काय बोलायचं असंल तर मला बोलंल. सुरीला हो मी म्हणती, तुमी न्हाई."

जानकूनं कापड खाली टाकलं. "मी न्हाई बघनार."

"नका बघू. खड्डा तेवढा खोल काढा. बिबट्यानं उकरला तर ते लई वाईट."

त्यानं कुदळ उचलली आणि तो लिंबाखाली निघून गेला. पाठमोरा. पण खड्डा त्यानं पुरुषभर खोल काढला.

डॉक्टरनं काम सुरू केलं तेव्हा भावकीतले लोक तोंड फिरवून उभे राहिले. तुकाबाईनं शिंगं धरली होती. ती सोडली नाहीत. कातडीखालची चरबी पिवळी, पडदे पिवळे. आतून कुणी भंडारा उधळावा तसं. काळीज सुजून नारिंगी झालेलं. आणि मूत्रपिंड तव्याच्या बुडासारखं काळं.

"बघा रं," ती वळून म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हतं. "तोंड फिरवू नगा. ह्येला दृष्ट म्हणत व्हतो आपण."

डॉक्टरनं काळजाचा तुकडा बरणीत घातला. मग म्हणाली की चारा कुठला, पाणी कुठलं, तेही तपासायला हवं. तुकाबाईनं तिला कांबळडोहावर नेलं. पाण्याची बाटली भरली. गाळ हवा म्हटल्यावर लुगडं खोचून तुकाबाई स्वतः गुडघाभर आत गेली, हातानं खालचा काळा गाळ काढून दिला. डॉक्टरच्या सांगण्यावरून बागांच्याही वर, नदी उथळ वाहते तिथलाही थोडा गाळ आणला, ताडून बघायला. मग भंडाऱ्याला परत शिवून, कापडात गुंडाळून मातीला दिलं. जानकूनं वरून भंडारा उधळला आणि तुकाबाईशी बोलणं बंद केलं.

निकाल हाती आला तेव्हा डॉक्टर फोनवर बोलली नाही, स्कूटर घेऊन वाडीवर आली. लिंबाखालच्या बाजेवर बसली. जालिंदर नुकताच बागेतून आला होता, निळसर डाग पडलेल्या सदऱ्यानं.

"मावशी, शंका खरी निघाली. काळजात तांबं भरपूर. डोहाचं पाणी तसं बरं आहे. गाळ बरा नाही. वरच्या जागेच्या मानानं डोहाच्या गाळात तांबं कितीतरी जास्त आहे. थोडं जस्तही आहे."

"तांबं? आमी काय नदीत हंडे बुडवलं का बाई?"

"मोरचूद," डॉक्टर म्हणाली. "बागेवर रोगासाठी निळं फवारतात ना, ते तांबंच. पावसानं धुऊन ओढ्यात येतं, ओढ्यातनं नदीत. नदी पुढं जाते, पण हे फार पुढं जात नाही. मातीच्या बारीक कणांना चिकटतं आणि पाणी संथ झालं की खाली बसतं. तुमचा डोह म्हणजे संथ पाणी. शेण कुजतं, पाला कुजतो. तांबं कुजत नाही. वर्षानुवर्षं थरावर थर."

"पावसानं एवढं येतं?"

"पावसानं येतं. आणि कुणी फवारणीच्या टाक्या तिथं धूत असेल तर सरळच येतं."

तुकाबाईनं मान वळवली. जालिंदर हौशीरामच्या बागेत फवारणीचा ट्रॅक्टर चालवत होता. संध्याकाळी टाकी धुवायला डोहाइतकी सोयीची जागा नाही, आणि धुणारा कोण, हे त्याच्या सदऱ्यावर लिहिलेलं होतं.

"आई, सगळेच धुत्यात तिथं. मी काय एकटा..."

"मी सगळ्यांचं इचारलं का?"

मग तुकाबाईला पुढचं उमगलं. चेहऱ्यावरून सरकत गेलेलं ते जालिंदरनं बघितलं आणि त्याला उठून तिचा हात धरावासा वाटला, पण धरवला नाही.

"त्या गाळावरची हरळी," ती म्हणाली. "गाळानं भरलेली पानं. ती मी ठेवून ठेवून चारली. गाभण्यांना. भंडाऱ्याला. बाकीच्यांना काठी मारून हाकललं, म्हणून ती जगली."

"तुम्हाला माहीत नव्हतं, मावशी."

"म्हाईत नव्हतं म्हणून इख गोड व्हतं का?" ती एवढंच बोलली. कोंबडी पायांत आली, तिला हुसकलं. मग पदर खोचून उभी राहिली. "आता बाकीच्यांचं सांगा. औषिद किती, कसं, कुणाला आधी."

डॉक्टरनं पुडी कशी द्यायची ते दाखवलं. काळजातलं तांबं हळूहळू बाहेर काढणारं औषध होतं. मेंढरं दमवायची नाहीत, लांब हाकायची नाहीत, डोहाकडं तर मुळीच नाही. तुकाबाईनं एकच प्रश्न विचारला. "आन् ह्यो गाळ वावरात पडला तर?"

"तर तुमची मेंढरं पुढच्या उन्हाळ्यात त्याच वावरात बसतील," डॉक्टर म्हणाली. "बसतील तिथलं खातील."

हौशीरामचं मशीन ठरलेलं होतं. पाऊस तोंडावर होता. तुकाबाई मारुतीच्या देवळापुढं गेली, तेव्हा वाडीतले बागाईतदार ट्रॉल्या कुणी किती लावायच्या तेच बोलत होते. धनगराची बाई अशा बैठकीत पायरीच्या खाली उभी राहते. ती पायरीवर चढून उभी राहिली. डॉक्टर तिच्या मागं होती.

"हौशीरामभाऊ, गाळ उचलू नगा."

तिनं सगळं सांगितलं. भंडाऱ्याचं, काळजाचं, हरळीचं. चिमाजी नावाचा एक बागाईतदार खांबाला टेकून ऐकत होता. जिभेला धार असलेला माणूस.

"नदीचा गाळ म्हंजी सोनं राव. आमच्या बापजाद्यांनी ह्योच गाळ टाकून रानं केली. आता एका एडक्यावरनं वाडीनं शेती ठरवायची का?"

दोघे-चौघे हसले.

"चिमाभाऊ, माझ्या सासऱ्यानं बी ह्याच डोहात मेंढरं धुतली. डोह त्योच हाय. गाळ त्यो न्हाई. बापजाद्यांनी मोरचूद फवारला व्हता का?"

"अन् टाक्या कोन धुतं तिथं? तुमचाच जालिंदर की!"

सगळ्यांची नजर तिच्याकडं वळली. चिमाजीला वाटलं, बाई आता खाली उतरणार.

"व्हय," तुकाबाई म्हणाली. "माझंच पोरगं. तेच सांगाया आली. टाकी त्यानं धुतली, गवत मी चारलं, फवारा तुमच्या बागंचा. आपल्यात धुतल्या तांदळाचं कुनी न्हाई. आजवर जे झालं त्यानं माझी मेंढरं मेली. उद्या जे व्हईल ते म्हाईत असून व्हईल."

हसणं थांबलं.

"आन् एक सांगून ठिवती. ज्याच्या वावरात ह्यो गाळ पडंल, त्याच्या वावरात माझी वाघर लागनार न्हाई. हौशीरामभाऊ, तुमच्या बी न्हाई."

हे बोलणं सोपं नव्हतं. ती वावरं सोडली तर उन्हाळ्यात तिच्या कळपाला बसायला दुसरी जागा नव्हती, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. जालिंदर देवळाच्या कोपऱ्यात उभा होता. त्यानं मान खाली घातली, मग वर केली आणि आईशेजारी पायरीवर येऊन उभा राहिला.

हौशीराम बराच वेळ चपलेच्या टोकानं माती उकरत होता. "डॉक्टर, खरं सांगा. माणसाला काय व्हतं ह्यानं?"

"लगेच डोळ्यांना दिसेल असं काही नाही. पण गाळ वावरात गेला की परत काढता येत नाही. पुढं कोणत्या पिकात किती उतरेल, जमिनीतली गांडुळं राहतील का, हे तपासल्याशिवाय कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. आणि मशीननं ढवळलात तर बसलेलं उठून खालच्या गावांच्या पाण्यात जाईल."

"म्हंजी मेंढरानं आधी सांगितलं, एवढंच," तुकाबाई म्हणाली.

"आन् आमच्या बागंतल्या मातीत?" हौशीरामनं विचारलं. आता त्याचा आवाज वेगळा होता. "तिथं तर थेट पडतंय. बाप फवारत आला, मी फवारतोय."

"तपासावं लागेल."

"मंग आधी ती तपासा," हौशीराम म्हणाला. "आन् मशीनवाल्याला मी सांगतो, येऊ नगंस."

"अरं, एका मेंढकीच्या..." चिमाजी सुरू झाला.

"चिमाजी, ती मेंढरं बसवायची वावरं सोडाया निघालीया. तू काय सोडतोयस ते सांग, मंग बोल."

गोष्ट एवढ्यानं सुफळ संपूर्ण झाली असं नाही. चिमाजीनं हट्टानं डोहाच्या खालच्या अंगाचा गाळ दोन ट्रॉल्या नेलाच. नंतर त्यानं दोनदा निरोप धाडला, मेंढरं बसवायला या म्हणून. तुकाबाई गेली नाही. वरच्या गावांच्या टाक्या अजून कुठं धुतात, कुणास ठाऊक. पण वाडीनं बागेच्या वरच्या बाजूला, ओढ्यापासून लांब, टाक्या धुवायला पक्का खड्डा केला. तो बांधायला जालिंदर सगळ्यांच्या आधी गेला. औषध सुरू असतानाही एक मेंढी गेली. बाकीची सावरली. औषध संपल्यावर उरलेल्या कातरणीचं धुणं हौशीरामच्या विहिरीच्या पाण्यावर झालं. मोटारीचा पाइप बघून मेंढरं अशी बिथरली की धुणारेच जास्त भिजले.

आणि तुकाबाईला सगळ्यांत अवघड गेलं ते वेगळंच. मेंढरांना हिरवळीची वाट तिनंच शिकवली होती. संध्याकाळी कळप डोहाजवळून परतायचा आणि गाभण्या त्या हरळीकडं ओढ घ्यायच्या. एका संध्याकाळी तिनं हाक मारली, "हुर्रर्र, माघारीऽ!" आणि आयुष्यात पहिल्यांदा मेंढ्यांनी तिची हाक मानली नाही. त्या हिरव्याकडं धावत सुटल्या.

काठाला, उतारावर, घोंगडी पसरून कुणीतरी आडवा उभा होता. दोन्ही हात फाकलेले, काठी आडवी. जानकू.

"थांबा गं सटव्यांनो! हाऽऽ! फिराऽ!"

कळप त्याच्या घोंगडीला धडकून फिरला. जानकू धापा टाकत गुडघे चोळत होता. कितीतरी दिवसांनी त्यानं बायकोकडं सरळ बघितलं.

"लाड तू करायचं, आन् म्हातारपणी पळायचं म्या व्हय?"

"पळा की," तुकाबाई म्हणाली. "गुडघं मोकळं व्हत्याल."

तेव्हापासून रोज संध्याकाळी तो तिथं येऊन बसतो.

पुढं भंडाऱ्याच्या रक्ताचं एक कोकरू बिरोबाच्या नावानं सोडलं. पहिल्या रविवारी जानकूनं पिशवीतून मूठ भरली, हात कपाळापर्यंत नेला आणि थांबला. मूठ तशीच धरून त्यानं दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं कोकराची खालची पापणी ओढली. उजेडाकडं वळवून नीट बघितली. तुकाबाई शेजारी उभी होती.

"गुलाबी हाय," तो म्हणाला. "तू बी बघ."

तिनं बघितलं. मान हलवली. मग त्यानं भंडारा लावला. तोंडाला नाही, पाठीवर.